पाणी जास्त झालं नव्हतं

वहिनी, तुमच्या तेराव्याला आलेल्या माणसांनी तुम्हाला इतकं सोशीक करून टाकलं, की मधेच मला शंका आली, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या मांडवात तर येऊन बसलो नाही ना. "लई शांत बाई." "कधी कुणाला उलटून बोलल्या न्हाईत." हे ज्या काकांनी सांगितलं, त्यांना त्यांच्याच मुलाच्या लग्नात, पंगतीत वाढता वाढता तुम्ही काय सुनावलं होतं ते मला तोंडपाठ आहे. काकांनाही असणार. पण गेलेल्या माणसाला गोड करून घ्यायची आपल्याकडे रीतच आहे, आणि दादा समोर बसला होता, म्हणून मी मान हलवत राहिलो. मान हलवणं हा तसा माझा नोकरीतलाच सराव.

मग कुणीतरी म्हणालं, "कंपनीतून मानानं रिटायर झाल्या ना?"

तिथं मात्र मान हलेना. दादानं माझ्याकडं पाह्यलं, मी दादाकडं. आणि तुम्हाला सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दादाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "रिटायर न्हाई," तो म्हणाला, "काढून टाकलं तिला." एवढं बोलून तो पाणी प्यायला उठला. काकांचा चेहरा असा झाला, जणू दादानं तुमची बदनामी केली. आता त्यांना कोण सांगणार, की तुमच्याबद्दल त्या मांडवात बोललं गेलेलं ते पहिलंच खरं वाक्य होतं.

तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं साचलंय. तोंडानं बोललो तर तुमची जाऊबाई सुमन म्हणते, "एकटेच काय बडबडून राह्यले?" म्हणून हे लिहायला घेतलं.

एका घरात राहून एकाच कंपनीत काम करणारे दीर-भावजय जालन्यातसुद्धा फार नसतील. इथं बियाण्याच्या कंपन्या उदंड. त्यातल्या एकीच्या उगवण प्रयोगशाळेच्या तुम्ही प्रमुख, आणि तिच्याच कार्यालयात प्रशासनाला मी. सकाळी स्कूटर तुम्ही चालवायच्या, आणि मागं मी दोघांचे डबे मांडीवर घेऊन. "भावजी, वळणावर झुकू नका, गाडी मला चालवू द्या," असं तुम्ही रोज म्हणायच्या आणि मी रोज झुकायचो. फाटकावरचा वॉचमन आधी तुम्हाला सलाम ठोकायचा, मग डब्यांना, आणि जमलं तर मला.

तुमचं काम मला कधी काम वाटलंच नाही. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, गुंडाळी करायची, कपाटात उभी ठेवायची, आणि काही दिवसांनी उलगडून बघायचं किती जागे झाले. पण तुम्ही ती गुंडाळी उलगडायच्या ते बाळाचं दुपटं उलगडल्यासारखं. संध्याकाळी घरी येऊन जाहीर करायच्या, "आज मूग काय सुरेख आलाय!" आणि सुमन स्वयंपाकघरातून विचारायची, "डब्यात काल तर मटकी होती ना?" माझं काम याच्या उलट. मी नियम लिहायचो. कंपनीची अख्खी नियमावली माझ्या हातची, आणि मला तिचा अभिमान. त्यातला एक नियम असा, की सील केलेल्या थप्पीतून, म्हणजे रचून ठेवलेल्या पोत्यांच्या राशीतून, गोदाम व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीशिवाय दाणाही काढायचा नाही. किती रेखीव नियम! मी तो तुम्हाला जेवताना वाचून दाखवला होता. तुम्ही म्हणाल्या होत्या, "चांगला हाय. चोऱ्या बंद होतील." आणि तोच तुम्ही मोडलात.

त्या साली रब्बीच्या तोंडाला गव्हाची एक जुनी थप्पी तुमच्याकडं तपासायला आली. तुम्ही नापास केली. पुन्हा आली, पुन्हा नापास. मग ती तुमच्याकडं आलीच नाही. सरळ गोदामात गेली, सील झाली, आणि भरायच्या पिशव्यांवर तपासणीची नवी तारीख छापून आली. तुम्ही मालकांच्या केबिनमध्ये गेलात. बाहेर आलात तेव्हा मी दारातच होतो.

"काय म्हणले?"

"म्हणले, ताई, बाजार तोंडावर हाय, थोडं समजून घ्या."

"मंग घ्या ना समजून," मी म्हणालो.

"भावजी, धावड्याला माझा भाऊ, चुलते, अख्खी आळी मला फोन करून विचारते, ताई, औंदा कोणती पिशवी घेऊ? त्यांच्या रानात ते उगवलं न्हाई, तर माहेरी कोणतं तोंड घेऊन जाऊ मी?"

मी म्हणालो, "डबा गार होऊन राह्यला."

कंपनीत नवरात्राचे घट बसायचे, ते मालकांच्या आईच्या हौसेपायी. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. कार्यालयाच्या व्हरांड्यात मोठी टोपली, त्यात काळी माती, मधे घट, वर फुलांची माळ. आणि त्यांचा एक दंडक होता, की घटात पेरायचं ते बाजारातलं धान्य नाही. या हंगामात आपण जे बियाणं विकणार तेच. ते प्रयोगशाळेनं द्यायचं. देवीसमोर आपला माल उगवून दाखवायचा आणि मगच गाडी फाटकाबाहेर काढायची. तुम्ही हसून म्हणायच्या, "मोठ्या बाईंची प्रयोगशाळा माझ्यापेक्षा जुनी हाय."

त्या वर्षीही बियाणं तुम्हीच दिलंत. टोपलीच्या एका अर्ध्या भागात पास झालेल्या थप्पीतला गहू, दुसऱ्या अर्ध्यात त्या सील केलेल्या थप्पीतला. पोत्यात खुपसून नमुना काढायची ती टोकदार नळी घेऊन तुम्ही भर दुपारी, गोदामातली माणसं जेवायला बसलेली असताना, थप्पीतून दाणे काढलेत. लपूनछपून नाही. येताना गोदामवाल्यांना "जेवा, जेवा, उठू नका" म्हणून आलात.

सातव्या माळेच्या आरतीला अख्खी कंपनी जमली होती. मी झांज वाजवायला. दुसरं काही येत नाही म्हणून दरवर्षी माझ्याकडं झांज. समोर घट. एक बाजू हिरवीगार, चांगली वीतभर. दुसरी बाजू माझ्या डोक्यासारखी, कुठंकुठं एखादा उभा. आरती संपता संपता मोठ्या बाई वाकल्या.

"नलिनी, ही बाजू का गं आली न्हाई?"

"मोठ्या बाई, हिरवी बाजू पास झालेल्या थप्पीची. ही काळी बाजू नापास झालेल्या थप्पीची. दोन्ही उद्यापासून पिशव्यांत भरायच्या हायेत. तुमचा दंडक हाय ना, जे विकायचं ते घटात टाकायचं? मी टाकलं."

एवढी शांतता झाली, की फक्त झांज ऐकू येत होती. वहिनी, ती मी वाजवत होतो. थांबायचं असतं हे सुचलंच नाही मला. सुमननं नंतर विचारलं, "तुम्ही काय विरोध म्हणून वाजवत होते का?" मी म्हणालो, हो. तुम्हाला तरी खरं सांगतो, माझे हात आपोआप चालले होते.

गोदामाचे साहेब घाईनं म्हणाले, "पाणी जास्त झालं असंल त्या बाजूला."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडं वळून पाह्यलं. "टोपली एक. पाणी घालणारी मी. एका बाजूला जास्त घातलं म्हणता?"

मालक आरतीचं ताट हातात धरून उभे. कापूर जळून संपला तरी ताट खाली ठेवायचं त्यांना सुचेना. तेवढ्यात मागून रुकय्याबीचा आवाज आला. पॅकिंगच्या बायकांची ती म्होरकी, आणि दरवर्षी प्रसादाला सगळ्यांत पुढं. "साब, वो थप्पी हम नै भरते. बाकी सब भरते, बिलकुल भरते. वो एक नै." तिच्या मागच्या बायकांनी नुसत्या माना हलवल्या. माझ्यासारख्या नव्हे, उलट्या दिशेनं. दुसऱ्या दिवसापासून ती थप्पी मशीनपाशी आली, की बायका हात मांडीवर ठेवून बसायच्या. ती हलवली, की कामाला लागायच्या. एवढ्या शिस्तीचा संप मी आजवर पाह्यला नाही. हजेरीत त्याला काय लिहावं हेच मला कळेना.

मालकांनी मला बोलावून सांगितलं, "नोटीस काढा."

आयुष्यात इतकी मेहनत मी कशावरच घेतली नसेल. मला तुम्हाला वाचवायचं होतं आणि माझी नोकरीही. शेवटी जे लिहिलं ते असं: 'सीलबंद थप्पीतील काही बियाणे आपल्या जागेवरून हलल्याचे निदर्शनास आले आहे.' प्रयोगशाळेत येऊन तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत.

"भावजी, बी काय चालत गेलं का?"

"हळू बोला."

"हळू काय? कर्ता कुठंय याच्यात? मी काढलं. परवानगीशिवाय काढलं. नियम तुम्हीच लिहिलाय ना? मंग बराबर लिहा, कुणी काढलं, कुठून काढलं, कशासाठी काढलं. असं गुळमुळीत कशाला?"

"बराबर लिहिलं तर नोकरी जाईल तुमची!"

"आणि न्हाई लिहिलं तर ती थप्पी जाईल बाजारात. कशाची चौकशी करून राह्यले, ते तर कळू द्या लोकांना."

नोटीस मी पुन्हा लिहिली. तुम्ही सांगितलीत, मी लिहिली. आरोपीनं सांगितलेलं आरोपपत्र! संध्याकाळी तुम्ही मला तव्यावरची भाकरी वाढलीत, वर ठेच्याचा गोळा. "खा. नोटीस देऊन दमले असाल." दादा ताटावरून नुसता आळीपाळीनं आपल्याकडं बघत होता.

चौकशीत सगळं उघड बोललं गेलं, मोठ्या बाई स्वतः येऊन बसल्या, आणि ती थप्पी बाजारात गेली नाही. मालक वाईट माणूस नव्हते, हे तुम्हीच म्हणायच्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "थप्पीचा विषय संपला. पण चार लोकांत शोभा झाली माझी. ताईंना म्हणावं दोन ओळी लिहून द्या, घटात पाणी जास्त झाल्यामुळे गैरसमज झाला, क्षमस्व. उद्यापासून प्रयोगशाळा त्यांचीच."

मी उडतच घरी आलो. येतानाच त्या दोन ओळी लिहून आणल्या होत्या, खाली सहीला जागा सोडून. तुम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

"थप्पी गेली न्हाई ना बाहेर?"

"नाही गेली. आता फक्त सही."

तुम्ही वाचलंत आणि हसायलाच लागलात. ओला टॉवेल खांद्यावर घेऊन, कठड्याला धरून. "भावजी, अख्खी जिंदगी बी भिजवण्यात गेली माझी, आणि मी लिहून देऊ पाणी जास्त झालं?"

"अहो, पाण्याला काय, कुणी कोर्टात बोलावणारे का!"

"आज मी हे लिहून दिलं, तर पुढच्या नापास थप्पीला हेच पाणी लागल. आणि त्याच्या पुढच्याला. परवानगी न घेता बी काढलं त्याची शिक्षा द्या, ती बराबर हाय. ते मी कबूल करते, पाह्यजे तर मोठ्या अक्षरात. पण जे झालंच न्हाई त्याची माफी कशी मागू?"

मी चिडलो. एवढा तुमच्यावर मी कधी चिडलो नव्हतो. सुमन मधे पडली, दादाला बोलावलं. दादा बाहेर आला, कागद वाचला, आणि म्हणाला, "अक्षर चांगलं हाय याचं." आणि परत आत गेला. असा नवरा आणि अशी बायको. मी एकटा शहाणा कुणाकुणाला पुरणार?

तुम्हाला काढलं. रुकय्याबीला लेखी ताकीद मिळाली. ती तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या वर चिकटवली. शेवटच्या दिवशी तुम्ही सगळ्या ट्रेमधल्या दाण्यांना पाणी घातलंत, कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीत आणि स्कूटर काढून सरळ निघून गेलात. मी मागं बसायचा राह्यलो हे तुम्हाला घरी पोचल्यावर आठवलं. दोन्ही डबे घेऊन मी रिक्षानं आलो.

लोकांना वाटलं असेल, आता ही बाई देवदेव करील. छे! महिनाभरात आपल्या गॅलरीची प्रयोगशाळा झाली. धावड्याहून भाऊ आला रुमालाच्या गाठीत मूठभर सोयाबीन घेऊन. मग त्याचा शेजारी. मग वाटूरकडून कुणी, ज्याला आपण ओळखतही नव्हतो. "नलिनीताईंचं घर हेच ना? जरा बघून देता का, पेरावं का न्हाई?" गोणपाटाचे ओले तुकडे सगळ्या कठड्यावर. गोणपाट संपलं की माझे टॉवेल. एकदा मी आंघोळ करून टॉवेल ओढला, तर त्यातून हरभरा बाहेर पडला, मोड आलेला. मी ओरडलो आणि तुम्ही पळत आलात. माझ्याकडं न बघता, हरभऱ्याकडं. "बघा, किती जोरात आलाय!"

आणि मी रोज त्याच कंपनीत जात होतो, फाटकापर्यंत स्कूटरवर सोडायला अजूनही तुम्हीच यायच्या. दिवसा कंपनीची पत्रं लिहायची, संध्याकाळी कंपनीचंच बियाणं आपल्या घरात कुणी तपासायला आणलं तर त्याला चहा द्यायचा. आपल्या दारात असलेली ती गर्दी मालकांना माहीत होती, मला खात्री आहे. कधी काही बोलले नाहीत. पण त्यानंतर तुमच्या जागी आलेल्या पोरीनं एखादी थप्पी नापास केली, की ती नापासच राहायची. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "हं" म्हणालात, आणि पुढचा घास घेतलात. एवढ्या मोठ्या बातमीला एवढासा "हं"! मला जरा जास्त अपेक्षा होती.

आपलं भांडण मात्र तसंच राह्यलं. मी म्हणायचो, ज्या नियमाच्या आड खोटं बियाणं लपतं, तो मोडला तर गुन्हा कसला? तुम्हाला काढणं अन्याय होता. तुम्ही म्हणायच्या, नियम चांगला हाय, उद्या कुणीही नळी घेऊन पोती भोसकायला लागलं तर? मोडला तर भरायचं. भरायची तयारी ठेवूनच मोडला. म्हणजे बघा, नियम लिहिणारा म्हणतोय नियम वाईट, आणि मोडणारी म्हणतेय चांगला. सुमन म्हणायची, तुम्ही दोघं नोकऱ्या बदलून घ्यायला पाह्यजे होत्या. शेवटच्या आठवड्यातही हाच विषय निघाला होता, तुम्ही शेंगा सोलत होता. मी एक नवा मुद्दा काढला होता, बिनतोड. तुम्ही म्हणालात, "थांबा, कुकर झाला वाटतं." आणि उठलात. परत आल्यावर विषय गवारीवर गेला. दोन दिवसांनी तुम्हीच गेलात, सकाळी चहा टाकून, तो उकळायच्या आत. माझा मुद्दा तसाच राह्यला. खरं सांगतो, आता नीट आठवतही नाही तो काय होता.

एक मात्र कधी बोललो नाही. त्या आरतीत तुम्ही बोलत होता तेव्हा मला भीती वाटली, लाज वाटली, पळून जावंसं वाटलं, सगळं झालं. आणि त्याच्याखाली कुठंतरी, शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसून सांगावंसं वाटलं, की ही आमची वहिनी आहे. शेजारी गोदामाचे साहेब होते, म्हणून नाही सांगितलं.

आता परवाची गोष्ट. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. आवाज खरोखर जड होता. म्हणाले, "ताईंसाठी फाटकावरच्या फळ्यावर चार ओळी लिहा. तुमच्याच अक्षरात. आणि असं करा, सेवानिवृत्त लिहा. जुनं कशाला? त्यांचाही मान राहील." मी "होय साहेब" म्हणालो. ते तोंडातून आपोआप येतं.

शनिवारी सुट्टीच्या वेळी गेलो. खडू घेतला. तुमचं नाव लिहिलं. खाली 'उगवण प्रयोगशाळेच्या प्रमुख' लिहिलं. मग 'सेवा' लिहिलं आणि हात थांबला. मला तुमचा आवाज ऐकू आला असं म्हणणार नाही, तसलं काही माझ्या बाबतीत होत नाही. पण मला एवढं कळलं, की हा शब्द पुरा केला, तर मीच पाणी जास्त झालं असं लिहून देतोय. तुमच्या नावानं, तुम्ही सही करायला नसताना. मी 'सेवा' पुसलं आणि लिहिलं:

'परवानगीशिवाय बी काढले म्हणून बडतर्फ. त्या वर्षी ती थप्पी बाजारात गेली नाही.'

कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर आहे की नाही ते दोनदा तपासलं.

पॅकिंगच्या बायका सुटून बाहेर येत होत्या. रुकय्याबी थांबली. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. एकेका शब्दावर बोट नेत तिनं मोठ्यानं वाचलं, आणि 'बडतर्फ' आल्यावर पदर डोळ्याला लावून हसायलाच लागली. "या अल्ला, मौत के बोर्ड पे भी निकाल दिया मॅडम को!" मग सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडल्या. मालकांची गाडी आली, फळ्यापाशी हळू झाली, काच खाली आली. त्यांनी वाचलं. काच वर गेली. गाडी गेली.

वॉचमन घाबरा होऊन माझ्याकडं आला. "साहेब, लई जिम्मेदारीचं काम हाय. पुसू का?"

मी त्याला समजावून सांगितलं, की फळ्यावरचा मजकूर प्रशासन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय पुसता येत नाही. नियम आहे.

"मंग द्या की परवानगी."

"मी रजेवर हाय," मी म्हणालो.

सोमवारी हजर व्हायचंय, वहिनी. स्कूटर आता मलाच चालवावी लागणार आहे.